नस दबली म्हणजे नेमकं काय दबलं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४१, बँकेत दिवसभर कॉम्प्युटरवर काम, डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल. दोन महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री दोन-अडीचला त्यानेच जाग येते आणि हात झटकला की जरा बरं वाटतं. ऑफिसात म्हणतात मानेची नस दबलीय, एमआरआय करून टाक. सासूबाई म्हणतात शिरा आखडल्यात, तेल लाव. मेडिकलवाल्याने बी-१२ची पट्टी हातात ठेवली. आणि तुम्ही विचारताय की नस म्हणजे शीरच का, आणि ही मज्जासंस्था असते तरी कशी, शाळेतलं सगळं विसरायला झालंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सात वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरो वॉर्डात होते, त्यानंतर दादरला स्वतःचं छोटं क्लिनिक. सगळं मिळून २४ वर्षं झाली. ‘नस दबलीय’ हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस आठवत नाही.

तुम्ही ‘काय झालंय’ विचारलंय, पण त्याच्या आधीचा प्रश्न ‘कुठे झालंय’ हा आहे. मुंग्या हाताला येतात म्हणून बिघाड हातातच असेल असं नाही. तो मनगटात असू शकतो, कोपरात, मानेत, क्वचित मेंदूतही. मज्जासंस्थेची रचना डोक्यात बसली की मुंग्यांवरून बिघाडाचा पत्ता लागतो, आणि पत्ता लागला की निम्मं काम झालं. म्हणून आधी रचना सांगते, मग तुमच्या हाताकडे येते.

आत्ता उजवा हात तळवा वर करून समोर धरा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. हा कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारा. (काहींच्या हाताला ही मधली दोरी जन्मतःच नसते, दिसली नाही तर घाबरू नका.) कातडीखाली निळसर-हिरव्या रेषा दिसतात त्या शिरा, रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या. अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवलीत की ठोका लागतो ती धमनी, वैद्य नाडी बघतात ती. आता चौथी गोष्ट. त्या मधल्या दोरीच्या जरा खाली, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक असा एक मज्जातंतू जातो, मीडियन नर्व्ह. तो दिसत नाही, त्याला ठोका नाही, तो फुगत नाही. आपण मात्र या चौघांपैकी तिघांना बिनदिक्कत ‘नस’ म्हणतो.

पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या मॅडमनी एकदा डोळे मिटायला लावले आणि मृतदेहाच्या मनगटातल्या तीन गोष्टी एकेक करून चिमटीत दिल्या. पहिली चेपली की लगेच चपटी व्हायची, लेंग्याच्या ओल्या नाडीसारखी. ती शीर. दुसरी गुळगुळीत, कडक, ताणलेल्या दोरीसारखी. तो कंडरा. तिसरी पोकळ नाही आणि कडकही नाही, भिजवलेल्या सुतळीसारखी भरीव आणि मऊ. डोळे उघडून बघितलं तर पिवळट पांढरा धागा. त्याचा काप दाखवला तेव्हा आत बारीक बारीक जुड्या होत्या आणि प्रत्येक जुडीत हजारो तंतू. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती चिमूट अजून बोटांना आठवते. मज्जातंतू म्हणजे रक्त वाहणारी नळी नव्हे, हे पुस्तकातून कळलं होतं. पटलं ते त्या दिवशी.

म्हणून पेशंट ‘नस’ म्हणाला की मी विचारते, कुठली? रात्री पोटरीत गोळा आला आणि ‘शिरेवर शीर चढली’, तर तो स्नायूचा पेटका. पायावर निळे वळसे फुगलेत, ते शिरांचं दुखणं. वाकताना कमरेत उसण भरली, तर बहुतेक वेळा स्नायू धरलेला असतो. आणि मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, चटके, करंट गेल्यासारखं वाटणं, हातातून वस्तू निसटणं, ही मज्जातंतूची भाषा. एक बाई वर्षभर ‘नसांची गोळी’ खात होत्या आणि पायाच्या शिरा फुगतच चालल्या होत्या. त्यांची चूक काय? शब्दच एक आहे.

शब्दांचा घोळ तुमच्या शाळेच्या पुस्तकातही आहे. तिथे चेतासंस्था, चेतापेशी, मेरुरज्जू असं होतं, दवाखान्यात मज्जासंस्था आणि मज्जारज्जू म्हणतात. गोष्ट एकच. फक्त हाडांतली अस्थिमज्जा वेगळी, तिथे रक्तपेशी तयार होतात, तिचा इथे काही संबंध नाही.

आता रचना. दोन भाग धरा. आतला भाग म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, दोन्ही हाडाच्या पेटीत बंद. बाहेरचा भाग म्हणजे तिथून निघून अंगभर पसरलेले मज्जातंतू. मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला जवळजवळ २० टक्के तो एकटा घेतो. म्हणून रक्तपुरवठा तुटला की सगळ्यात आधी तो कोलमडतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. हा आकडा मी कुणाला सांगते तेव्हा कौतुकाने मान हलते आणि पुढच्या मिनिटाला विसरला जातो, त्यामुळे सोडून द्या.

मज्जारज्जू मात्र नीट समजून घ्या. करंगळीएवढा जाड, साधारण ४५ सेंटीमीटर लांब. तो पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरतो, पण शेवटपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याच्या खाली नुसता तंतूंचा झुबका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई देतात ती या संपलेल्या टोकाच्या खाली, झुबक्यातले तंतू तिथल्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात आणि सुईला बाजूला होतात. ‘इंजेक्शनमुळे मणका गेला’ असं सांगत आलेल्या बायकांना मी हेच चित्र कागदावर काढून दाखवते. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीची कारणं बहुधा वेगळी असतात: सैल पडलेले पोटाचे स्नायू, बाळाला घेऊन वाकून बसणं, अपुरी झोप.

मज्जारज्जूतून तंतूंच्या ३१ जोड्या निघतात: मानेतून ८, छातीच्या भागातून १२, कमरेतून ५, त्रिकास्थीतून ५ आणि माकडहाडापाशी १. मानेचे मणके ७ आणि तंतू ८, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते. डोक्यातून थेट निघणाऱ्या १२ जोड्या निराळ्या. त्यातली एक, व्हेगस, डोक्यातून निघून घसा, हृदय, फुफ्फुस करत पार पोटापर्यंत पोचते.

प्रत्येक जोडीचा कातडीवरचा इलाखा ठरलेला असतो. मानेतला सहावा तंतू अंगठ्याकडे, सातवा मधल्या बोटाकडे, आठवा करंगळीकडे. कमरेचा पाचवा पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पायाच्या अंगठ्याकडे. दोन मणक्यांमधली गादी सरकून यातला एक मुळाशी दाबला गेला की कळ त्याच पट्ट्यात जाते. पण हे तंतू मुळाशी वेगळे असले तरी खांद्याजवळ आणि ओटीपोटात एकमेकांत मिसळतात आणि नव्या नावाने बाहेर पडतात. म्हणून मुळाचा नकाशा वेगळा आणि पुढच्या मज्जातंतूचा नकाशा वेगळा. तुमच्या हाताचा निकाल याच फरकावर लागणार आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मज्जातंतूला सगळे वायर म्हणतात, मीही पूर्वी म्हणायचे. आता टाळते, कारण वायर जिवंत नसते. पायाचा अंगठा हलवणाऱ्या पेशीचा मुख्य देह मज्जारज्जूत असतो आणि तिचा एक शेपूट कमरेपासून पावलापर्यंत, जवळजवळ एक मीटर. एकच पेशी! त्या शेपटाला लागणारी सामग्री बरीचशी वर पेशीच्या देहात तयार होते आणि आतून हळूहळू खाली पोचवली जाते. पेशी आजारी पडली की सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. मधुमेहात बधिरपणा पावलांपासून सुरू होतो, दोन्हीकडे सारखा, मोजा घातल्यासारखा, तो याच कारणाने. तो वर चढत गुडघ्याच्या आसपास येईपर्यंत हातांच्या बोटांनाही सुरुवात होते, कारण लांबीत त्यांचा नंबर त्यानंतरचा. एखाद्याने सांगितलं की ‘दोन्ही पावलांना कापसावर चालल्यासारखं वाटतं’, तर मी मनगट किंवा मान शोधत बसत नाही. आधी साखर तपासायला सांगते.

निरोप जातो कसा? वायरीतून वीज वाहते तसा नाही. तंतूच्या आत-बाहेर सोडियम, पोटॅशियमचे कण वेगवेगळ्या प्रमाणात असतात आणि त्यामुळे पातळ पापुद्र्यावर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक राखलेला असतो. निरोप निघाला की तिथली दारं क्षणभर उघडतात, फरक उलटतो, त्यामुळे पुढची दारं उघडतात, आणि लाट सरकत जाते. जाड तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं, मधे मधे फटी ठेवलेलं. लाट फटीफटीवरच उडी मारत जाते. तुम्ही डोंबिवलीच्या आहात, फास्ट लोकल समजावून सांगायला नको. सगळ्यात वेगवान तंतूंत निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, तुमच्या हातात साधारण ५० ते ६०. पण वेष्टण नसलेले बारीक तंतू सेकंदाला मीटरभर चालतात. उंबरठ्याला अंगठा आपटला की आधी ‘आपटलं’ एवढं कळतं आणि एक क्षण अशी शांतता असते की आता येणार. मग ती ठणकती कळ येते. तो क्षण म्हणजे या दोन गाड्यांमधलं अंतर.

मज्जातंतू दाबला गेला की पहिला मार या वेष्टणाला बसतो आणि निरोप मंदावतो. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, ज्याला लोक एनसीव्ही म्हणतात, ती हेच मोजते. बारीक शॉक देऊन निरोप अमुक अंतर किती मिलिसेकंदांत कापतो ते बघतात. कोपर ते मनगट वेग ठीक आणि मनगटातून बोटाकडे जाताना तो अचानक मंद, तर अडथळा मनगटात. एमआरआय आकार दाखवतो, ही टेस्ट काम दाखवते. दोन्हींची जागा वेगळी.

आणखी एक गोष्ट, ती रबरी हातोडी. गरम तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘भाजलं’ हे नंतर कळतं. मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जू परस्पर देतो, मेंदूला खबर नंतर. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तोही असाच, स्नायू ताणला गेल्याची बातमी रज्जूत गेली आणि तिथूनच उत्तर आलं. बाहेरचा तंतू किंवा त्याचं मूळ बिघडलं असेल तर ही उडी मंदावते किंवा जाते. मेंदू किंवा रज्जू बिघडला असेल तर उलट, पाय जास्तच जोरात उडतो, कारण वरून लगाम धरणारं कुणी उरत नाही. एवढ्याशा हातोडीने बिघाड आतल्या भागात की बाहेरच्या, हे बऱ्याचदा दोन मिनिटांत कळतं. तुम्हाला तपासताना कुणी हातोडी काढलीच नसेल आणि थेट एमआरआयची चिठ्ठी दिली असेल, तर मी तरी दुसरा डॉक्टर बघेन.

तिसरा एक कारभार आहे, तो आपल्याला न विचारता चालतो. गाडी फलाटावर शिरताना छाती धडधडणं, घाम येणं, जेवल्यावर सुस्ती येऊन आतड्यांनी कामाला लागणं, डोळ्याची बाहुली लहान-मोठी होणं, हे स्वायत्त मज्जासंस्थेचं काम. तुमच्या तक्रारीत तिचा भाग दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

मेंदूबद्दल एवढंच सांगते की उजवा मेंदू शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा उजवी. हातपाय हलवण्याचे बहुतेक तंतू मेंदूच्या देठापाशी, मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा वर, बाजू बदलतात. त्यामुळे मेंदूतला बिघाड सहसा एखाद-दुसऱ्या बोटापुरता राहत नाही. तोंड, हात, पाय अशी विरुद्ध अंगाची बाजूच्या बाजू धरते, आणि तो अचानक येतो. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरी तेल चोळत बसायचं नाही. १०८ला फोन करा किंवा हातात येईल ती गाडी पकडून सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला पोचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून घालवलेल्या रात्री मी वॉर्डात फार बघितल्या आहेत. तसंच कमरेचं दुखणं आहे आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर तो खालचा झुबका दाबला गेलेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. पायांतली ताकद दिवसागणिक खालून वर जात चालली तरी तेच.

तुमचं यातलं काहीच नाही. तुमच्या मुंग्या दोन महिन्यांच्या, एका हाताच्या आणि रात्रीच्या आहेत. आता त्या हाताकडे येऊ.

मनगटात एक बोगदा आहे, इंग्रजीत कार्पल टनेल. खाली आणि बाजूला हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणारे ९ कंडरे आणि तो मीडियन नर्व्ह, असे दहा जण दाटीवाटीने जातात. जागा वाढू शकत नाही. कंडऱ्यांवरचं आवरण जरा सुजलं, अंगात पाणी धरलं, की चेपला जातो तो सगळ्यात मऊ. झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, बोगद्यातला दाब आणखी वाढतो आणि अडीचला जाग येते. झटकल्यावर बरं वाटणं ही याची फार जुनी खूण आहे. पेशंट नुसता हात झटकून दाखवायला लागला की माझ्या मनात अर्धं निदान झालेलं असतं.

पण अर्धंच. उरलेलं तुमची बोटं सांगतील. मीडियन नर्व्हचा इलाखा म्हणजे अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. अनामिकेची दुसरी बाजू आणि करंगळी अल्नर नर्व्हची, कोपराच्या आतल्या हाडाला आपटलं की करंट बसतो तो हा. म्हणून अनामिकेवरून दोन्ही बाजूंनी कापूस फिरवून बघा. एक बाजू बधिर आणि दुसरी नीट असेल, तर दोष मानेत असण्याची शक्यता खूप कमी होते, कारण मानेतून येणारं मूळ बोटाची अशी उभी वाटणी सहसा करत नाही. दुसरी खूण तळव्याची. अंगठ्याखालच्या उंचवट्याच्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटते आणि वरून जाते. बोटं बधिर पण तळव्याचा तो भाग शाबूत, म्हणजे संशय पुन्हा बोगद्यावरच.

उलट मान वळवली की कळ खांद्यातून दंडात उतरत असेल, मुंग्या कोपराच्या वरही येत असतील, तर मानेचा विचार करावा लागेल. करंगळीला जास्त असेल तर कोपराचा. बॅग खांद्याला, एक हात वरच्या हँडलला आणि दुसऱ्यात मनगट मोडून धरलेला मोबाईल, असा तास-सव्वा तास रोज काढणाऱ्यांना मान आणि मनगट दोन्हीचं दुखणं एकदमही असतं. त्यामुळे हे वाचून मी ‘कार्पल टनेलच’ असं छातीठोक लिहिणार नाही. शिवाय बोगदा दाटण्यामागे थायरॉईड, मधुमेह, गरोदरपण, संधिवात यातलं काही असू शकतं. तुमच्या वयात मी थायरॉईड आणि साखर तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

कोपर तपासताना आणखी एक गोष्ट मी न चुकता करते, तिथला तंतू बोटांनी चाचपते. तो जाड लागला आणि अंगावर कुठे फिकट, घाम न येणारा, चटका न कळणारा चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी लागते. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ हॉस्पिटल १८९०पासून या रोगासाठी उभं आहे, आणि आजार इतिहासजमा झालेला नाही. त्याचा जंतू मज्जातंतूंतच घर करतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो, पण तंतू मेल्यावर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. तुम्हाला हे असेल असं मुळीच म्हणत नाही. हातभर लांब उत्तर लिहिते आहे तर कुणा दुसऱ्याच्या कामी येईल म्हणून.

एमआरआयबद्दल एक किस्सा. लादी बसवणारा एक कारागीर आला होता, तिशीचा. काम उकिडवं बसून, दिवसाचे आठ-नऊ तास. एका साइटवर घाईचं काम होतं, चार दिवस उठलाच नाही. पाचव्या दिवशी उजवं पाऊल उचलेना, चालताना चप्पल निसटायला लागली. कुणीतरी कमरेचा एमआरआय काढायला लावला, त्यात पाचव्या मणक्याजवळ गादी जराशी फुगलेली निघाली आणि ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. त्याने गावाकडची म्हैस विकायला काढली होती. मी त्याला पाऊल आत वळवायला सांगितलं. पूर्ण ताकदीने वळलं. कमरेचं मूळ दाबलं असतं तर तेही कमजोर पडलं असतं, कारण ते काम करणारा स्नायू त्याच मुळावर चालतो, फक्त वेगळ्या तंतूतून. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीपाशी मी टिचकी मारली तर पावलाच्या पाठीवर झिणझिण्या. तिथे मज्जातंतू कातडीखाली अगदी उघडा असतो आणि उकिडवं बसलं की चेपतो. टेस्टमध्ये तेच निघालं. पाटावर बसून काम, पावलाला स्प्लिंट (सांधा एका जागी धरून ठेवणारा आधार), व्यायाम. अडीच महिन्यांत चप्पल पायात टिकायला लागली. म्हैस वाचली. गादी फुगलेली काहीही न दुखणाऱ्या कित्येक माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते, म्हणून तो फोटो तपासणीशी जुळतो का ते बघायचं असतं.

बी-१२चं म्हणाल तर त्याची कमतरता आपल्याकडे खरंच असते, विशेषतः शुद्ध शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्यांत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत. पण तिचा बधिरपणा सहसा दोन्ही पावलांपासून सुरू होतो, एका हाताच्या तीन बोटांना पकडत नाही. गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासलं असतं तर बरं होतं, आता पातळी चांगलीच दिसेल आणि खरं काय होतं ते कळणार नाही. त्या पट्टीच्या मागे काय काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच गोळ्यांत बी-६ही असतं, आणि ते मोठ्या प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच मज्जातंतू बिघडून मुंग्या येतात.

करायचं काय? रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, सरळ म्हणजे सरळ, मागे मोडलेला नको. साधारण सहा आठवडे. दिवसा कीबोर्डवर मनगट टेकवून पंजा वर उचलून धरू नका, हात कोपरापासून टेकलेला असू द्या. मोबाईल लोकलमध्ये तरी दुसऱ्या हातात घ्या. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर टेस्ट करा. आणि अंगठ्याखालचा उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी ठेवून बघा. उजवा सपाट झालेला दिसला, बटण लावताना बोटं चुकायला लागली, तर सहा आठवडे थांबू नका, न्यूरोलॉजिस्टला किंवा हाताच्या सर्जनला दाखवा. वेष्टणालाच मार असेल तर दाब गेल्यावर काही आठवड्यांत भरून येतं. आतला तंतूच मेला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. मनगट ते बोटाचं टोक १८ सेंटीमीटर धरा, सहा महिने झाले, तेही सगळं नीट वाढलं तर. ऑपरेशन मोठं नसतं, पण उशिरा केलेलं ऑपरेशन गेलेला स्नायू परत देत नाही.

एक काम आज रात्रीच करा. उशाशी बॉलपेन ठेवा. जाग आली की हात झटकायच्या आधी, जिथे जिथे मुंग्या आहेत तिथे हातावरच पेनाने रेघ ओढा. सकाळी फोटो काढा आणि डॉक्टरकडे जाताना घेऊन जा. सकाळी आठवून सांगताना सगळेच ‘पूर्ण हात’ म्हणतात, रेघ मात्र अनामिकेच्या मधोमध थांबलेली असते.

आणि सासूबाईंना तेल लावू द्या. बोगद्यातला तंतू त्याने मोकळा होणार नाही, पण नुकसानही नाही. फक्त मनगटावर जोर लावून चोळायचं नाही एवढं सांगा.